इशारा देणाऱ्याच्या दारात पाणी

ऑगस्ट २०१७च्या अखेरच्या आठवड्यात 'हार्वे' वादळानं अमेरिकेतलं ह्यूस्टन शहर बुडवलं. शहराला पुराची बातमी देणारं 'केएचओयू' हे दूरचित्रवाणी केंद्र, तिथल्या लोकांचं 'चॅनल ११', त्याच पुरात बातमी देता देता पाण्याखाली गेलं. पुढची दीड वर्षं त्याचा संसार दुसऱ्याच्या जागेत होता, आणि जुन्या वास्तूत ते परत गेलंच नाही. त्या दिवसांचा हा घटनाक्रम. सगळ्या वेळा ह्यूस्टनच्या.

शुक्रवार, २५ ऑगस्ट, रात्री १०

टेक्सासच्या किनाऱ्याला लागून असलेल्या सान होजे बेटावर, रॉकपोर्ट गावाजवळ, हार्वे धडकलं. वाऱ्याचा वेग ताशी २१० किलोमीटरच्या आसपास, श्रेणी चौथी. २००५च्या विल्मानंतर अमेरिकेच्या मुख्य भूमीवर तिसऱ्या किंवा त्यावरच्या श्रेणीचं वादळ आलंच नव्हतं. आठवडाभरापूर्वी हेच वादळ कॅरिबियन समुद्रात विरून गेल्यासारखं झालं होतं. मग मेक्सिकोच्या आखातातल्या उबदार पाण्यावर त्यानं पुन्हा अंग धरलं आणि दोन-तीन दिवसांत अक्राळविक्राळ झालं.

रॉकपोर्टपासून ह्यूस्टन अडीचशे किलोमीटरवर. म्हणजे वाऱ्याच्या तडाख्यापासून शहर लांब होतं. हवामानशास्त्रज्ञांचा घोर वाऱ्याचा नव्हताच. वादळाला पुढे ढकलणारे वरच्या हवेतले प्रवाह मंदावले होते, दोन बाजूंच्या उच्च दाबाच्या पट्ट्यांत ते अडकणार होतं. एका जागी थांबलेलं वादळ म्हणजे न संपणारा पाऊस, हे शुक्रवारी रात्रीच सगळ्या वाहिन्यांवर सांगितलं जात होतं.

अशा रात्री गावातल्या शाळा, दुकानं, कचेऱ्या रिकाम्या होतात. वृत्तवाहिनीचं नेमकं उलटं असतं. रजा रद्द होतात, पाळ्या बारा-बारा तासांच्या होतात, माणसं कपड्यांची पिशवी घेऊनच कामावर येतात, कारण उद्या घरी जाता येईल की नाही, याचा भरवसा नसतो. संकट जसं जवळ येतं तशी ही इमारत भरत जाते. चॅनल ११ची इमारत ॲलन पार्कवे या रस्त्यावर होती. रस्त्यापलीकडे बगीचा, आणि बगीच्यातून वाहणारा बफेलो बायू हा संथ प्रवाह.

शनिवार, २६ ऑगस्ट, मध्यरात्रीनंतर १

हार्वेनं कोपानो उपसागराच्या काठावर दुसऱ्यांदा जमीन गाठली. रॉकपोर्टमध्ये छपरं उडाली, विजेचे खांब आडवे झाले. देशभरच्या वाहिन्यांचे कॅमेरे तिकडे वळले. त्या तासाला ह्यूस्टन बातमीच्या कडेला होतं.

शनिवार, दुपारी १

वारा ओसरला. हार्वेची श्रेणी चक्रीवादळावरून 'उष्णकटिबंधीय वादळ' अशी खाली आली. नाव सौम्य झालं, ढगातलं पाणी तेवढंच राहिलं, आणि वादळ जवळजवळ जागच्या जागी घुटमळू लागलं.

ह्यूस्टनमध्ये दिवसभर पाऊस थांबून थांबून पडत होता. अनेकांना वाटलं, टळलं. आदल्या दिवशी राज्यपाल ग्रेग ॲबट यांनी शहर सोडण्याचा सल्ला दिला होता. महापौर सिल्व्हेस्टर टर्नर आणि हॅरिस काउंटीचे प्रमुख एड एमेट यांनी घरीच थांबा म्हटलं होतं. बाहेरच्याला हा बेफिकीरपणा वाटेल. ह्यूस्टनकरांना मात्र २००५चं रिटा वादळ आठवत होतं. तेव्हा वीस लाखांहून अधिक माणसं एकदम रस्त्यावर आली, गाड्या दिवस दिवस उन्हात अडकल्या, वृद्धाश्रमातल्या लोकांना नेणारी एक बस पेटून २३ जण गेले. शहर सोडण्याच्या त्या धांदलीत शंभराच्या आसपास जीव गेले आणि वादळ मात्र बाजूनं निघून गेलं. ६० लाखांहून अधिक वस्तीचा महानगर प्रदेश दोन दिवसांत रिकामा करता येत नाही, हा त्यातून घेतलेला धडा होता.

शनिवारची ही उसंत आहे, तोवर केंद्राचा आणि त्या जागेचा इतिहास पाहून घेऊ. पुढच्या तासांत त्याला वेळ नाही.

मधल्या उसंतीत : १९५३ ते २००१

चॅनल ११ सुरू झालं मार्च १९५३मध्ये, ह्यूस्टनमध्ये नव्हे, समुद्रातल्या गॅल्व्हेस्टन बेटावर. १९००च्या वादळात ज्या बेटावर हजारो माणसं एका रात्रीत बुडाली, तेच हे गॅल्व्हेस्टन. त्या वेळी केंद्राचं नाव होतं 'केजीयूएल'. १९५९मध्ये ते 'केएचओयू' झालं आणि १९६०मध्ये ह्यूस्टनच्या ॲलन पार्कवेवरच्या नव्या इमारतीत आलं. म्हणजे ज्या स्थलांतराची ही गोष्ट आहे, ते केंद्राचं पहिलं नव्हे. आधी समुद्र सोडून ते आत आलं आणि नदीकाठी बसलं.

जागा बातमीसाठी उत्तम होती. शहराचा मध्यभाग हाकेच्या अंतरावर, महापालिका जवळ, रस्ता रुंद. पण बफेलो बायू काही साधा ओढा नव्हे. पश्चिमेच्या कुरणांतून संथ वाहत तो शहराच्या मध्यातून जातो आणि पुढे ह्यूस्टनच्या जहाज कालव्याला मिळतो. शहर सपाट, माती चिकण, पाणी मुरायला जागा कमी. १९२९ आणि १९३५च्या पुरांनी शहराचा मध्यभाग बुडाल्यावर लष्कराच्या अभियंत्यांनी वरच्या अंगाला बार्कर आणि ॲडिक्स अशी दोन मातीची धरणं बांधली. ती १९४०च्या दशकात पूर्ण झाली. चॅनल ११ची इमारत या धरणांच्या भरवशावर उभी राहिली, आणि त्यांच्या खालच्या बाजूचं अवघं शहरही तसंच.

नव्या वास्तूत येऊन वर्ष-दीड वर्ष झालं असेल. सप्टेंबर १९६१मध्ये कार्ला वादळ आलं. केंद्राचा वृत्तप्रमुख होता डॅन रॅदर नावाचा तिशीचा तरुण. तो गॅल्व्हेस्टनच्या हवामान कार्यालयात जाऊन बसला, तिथल्या रडारच्या पडद्यावर किनाऱ्याचा पारदर्शक नकाशा धरायला लावला आणि ते चित्र थेट प्रक्षेपित केलं. वादळ केवढं आहे आणि आपलं गाव त्याच्या कुठल्या अंगाला येतं, हे लोकांनी पहिल्यांदा घरबसल्या पाहिलं. साडेतीन लाखांच्या आसपास माणसं वेळेत बाहेर पडली. रॅदरला 'सीबीएस' या राष्ट्रीय वाहिनीनं न्यूयॉर्कला बोलावलं. पुढे तो देशाचा सर्वांत ओळखीचा वृत्तनिवेदक झाला. आज जगातली कुठलीही वाहिनी चक्रीवादळाचं फिरतं चित्र दाखवते, त्याचं मूळ या केंद्रात आहे.

मग जून २००१मध्ये ॲलिसन आलं. ते तर चक्रीवादळाच्या श्रेणीलाही पोचलं नव्हतं. ह्यूस्टनच्या बंदराजवळ काही दिवसांत ३७ इंच, म्हणजे ९४० मिमी पाऊस पडला. टेक्सास मेडिकल सेंटरमधल्या रुग्णालयांची तळघरं भरली, शहरात २२ माणसं दगावली. बायूचं पाणी चॅनल ११च्या इमारतीतही शिरलं. ते उतरलं, साफसफाई झाली, काम चालू राहिलं. सोळा वर्षं.

शनिवार, रात्री १०

त्या संध्याकाळी लास व्हेगासमध्ये मेवेदर आणि मॅक्ग्रेगर यांची गाजलेली मुष्टियुद्धाची लढत होती. दिवसभराच्या उघडिपीनं सैलावलेले ह्यूस्टनकर मित्रांकडे, बारमध्ये ती पाहायला जमले होते. परतीच्या वाटेवर अनेकांच्या गाड्या पाण्यात अडकल्या.

वादळाचा मध्य शंभराहून अधिक किलोमीटर लांब होता. पण त्याच्या पूर्वेकडच्या अंगाला आखातातून ओलावा ओढणारे पावसाचे पट्टे तयार झाले आणि वारीत दिंडीमागून दिंडी यावी तसे एकाच वाटेनं शहरावरून जाऊ लागले. एक पट्टा सरतो न सरतो तोच त्याच जागी दुसरा. आग्नेय ह्यूस्टनमध्ये एका तासात ६.८ इंच, म्हणजे सुमारे १७३ मिमी पाऊस मोजला गेला. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिमी पडला होता. त्याची सरासरी तासाला ४० मिमीही भरत नाही. त्या दिवसाच्या आठवणी असलेल्या मुंबईकराला या आकड्याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

रात्री १०पासून आणीबाणीचा ९११ हा क्रमांक खणखणू लागला.

रविवार, २७ ऑगस्ट, मध्यरात्र ते पहाट

राष्ट्रीय हवामान सेवेनं ह्यूस्टनसाठी 'आकस्मिक पुराची आणीबाणी' जाहीर केली. नेहमीच्या इशाऱ्याच्या वरची ही पायरी आहे, जिवावर बेतणारा पूर प्रत्यक्ष सुरू झाल्यावरच वापरायची. पोटमाळ्यावर चढू नका, छपरावर जा, असं लोकांना सांगावं लागलं. कारण पोटमाळ्यात पाणी चढलं तर बाहेर पडायला वाट उरत नाही.

ह्यूस्टनचे महामार्ग जिथे एकमेकांखालून जातात ते खोलगट बोगदे मुळातच पाणी साठावं अशा बेतानं केलेले. रस्ते हेच इथले आपत्कालीन नाले. घरं वाचावीत म्हणून पाणी आधी रस्त्यावर घ्यायचं, ही शहराची जुनी रचना. तिची किंमत त्या रात्री गाडीत असलेल्यांनी मोजली. पहाटे ४च्या सुमारास साठ वर्षांचा एक पोलिस सार्जंट ड्युटीवर जायला निघाला. वाट सापडेना म्हणून तो दोन-अडीच तास फिरत राहिला आणि अंधारात अशाच एका पुलाखालच्या पाण्यात त्याची गाडी गेली. चौतीस वर्षांची नोकरी झालेला माणूस होता तो, शहरातली गल्ली न् गल्ली माहीत असलेला.

ॲलन पार्कवेवर दिवे लागलेले होते. स्टुडिओतून रात्रभर थेट प्रक्षेपण चालू होतं: कुठल्या बायूची पातळी किती, कोणता रस्ता बंद, कुठे नावा पाठवल्या आहेत. बफेलो बायू आणि व्हाइट ओक बायू दोन्ही फुगले होते आणि शहराच्या मध्यभागी, दोन्ही मिळतात तिथे, एकमेकांचं पाणी अडवत होते. पार्कवेलगतचा बगीचा पुरात बुडावा आणि नंतर धुऊन पुन्हा वापरता यावा, अशा हिशेबानंच दोन वर्षांपूर्वी नव्यानं सजवला होता. तो ठरल्याप्रमाणे बुडाला. त्यानंतर रस्ता बुडाला. रस्त्यानंतर पाण्याच्या वाटेत चॅनल ११चा दरवाजा होता.

रविवार, सकाळ : पाणी आत

सकाळची बातमीपत्रं चालू असतानाच पाणी इमारतीत आलं. निवेदकांनी ही बातमीही प्रेक्षकांना सांगितली. सांगण्याचा सूर तोच होता, जो रात्रभर इतर वस्त्यांबद्दल सांगताना होता. फक्त आता पत्ता स्वतःचा होता.

दूरचित्रवाणी केंद्रात पाणी शिरणं आणि एखाद्या कचेरीत शिरणं यांत फरक आहे. कचेरीत फायली भिजतात. केंद्रात जमिनीवरून केबलींचं जाळं पसरलेलं असतं, खोट्या फरशीखालून वीज आणि चित्रसंकेत धावत असतात. कॅमेऱ्याचं चित्र नियंत्रण कक्षात जातं. तिथे आवाज, मजकूर, नकाशे त्यावर चढतात. मग ते 'मास्टर कंट्रोल'मधून शहराबाहेरच्या मनोऱ्याकडे रवाना होतं आणि मनोऱ्यावरून घराघरांत. चॅनल ११चा मनोरा नैऋत्येला मिझूरी सिटीत होता. म्हणजे पाणी स्टुडिओत आणि मनोरा लांब शाबूत, अशी परिस्थिती. पण साखळीतली एक कडी तुटली की उरलेल्या शाबूत कड्या निरुपयोगी. पाण्यात उभ्या माणसाजवळून वीज वाहत असेल तर ती बंद करण्यावाचून दुसरा इलाज नसतो, आणि वीज बंद झाली की केंद्र मुकं होतं.

रविवार, सकाळ : वरचा मजला

तळमजल्यावरचा स्टुडिओ सोडून मंडळी वरच्या मजल्यावर गेली. तिथल्या एका खोलीत तात्पुरता स्टुडिओ मांडला गेला. मागे सजावट नाही, रंगीत दिवे नाहीत, एरवी इस्त्री मोडू न देणारे निवेदक रात्रभर जागलेल्या चेहऱ्यांनी साध्या टेबलाशी. बातम्या पुन्हा सुरू झाल्या.

दूरचित्रवाणीच्या बातमीपत्राला जो थाट असतो, त्याचा किती भाग खरोखर लागतो, हे त्या खोलीनं दाखवून दिलं. माहिती असलेला माणूस, एक कॅमेरा, एक माइक आणि बाहेर जाणारी एक तार एवढ्यावर काम भागत होतं. ती शेवटची तार मात्र खालच्या मजल्यावरच्या यंत्रणेला जोडलेली होती, आणि खाली पाणी वाढत होतं.

रविवार, सकाळ : इमारत सोडली

थोड्या वेळानं वरच्या मजल्यावर थांबणंही सुरक्षित राहिलं नाही. चॅनल ११नं इमारत रिकामी केली. आदल्या दोन दिवसांत जिथे माणसं भरली होती, तिथून ती पाण्यातून वाट काढत बाहेर पडली. जवळच त्याच रस्त्यावर फेडरल रिझर्व्ह बँकेच्या ह्यूस्टन शाखेची इमारत आहे. मायकल ग्रेव्हज या नामांकित वास्तुविशारदाच्या आराखड्यानं २००५मध्ये झालेली. एरवी या इमारतीत पत्रकाराला ओळखपत्र दाखवल्याशिवाय पाऊल टाकता येत नाही. त्या सकाळी पुरातून आलेल्या शेजाऱ्यांना तिथे आसरा मिळाला.

चॅनल ११चं प्रक्षेपण तुटलं. १९६१मध्ये वादळाचं चित्र घरोघरी पोचवणाऱ्या केंद्राचा पडदा शहराच्या इतिहासातल्या सर्वांत मोठ्या पुराच्या दिवशी काळा झाला.

त्याच सुमारास, शहराच्या उत्तरेला

केंद्राची वार्ताहर ब्रँडी स्मिथ आणि कॅमेरामन मारिओ सँडोव्हल बेल्टवे ८ या वळणरस्त्यावरच्या एका पुलाजवळ उभे होते. खालच्या बोगद्यात दहा फूट पाणी होतं आणि त्यात एक अजस्र मालट्रक जवळजवळ टपापर्यंत बुडालेला होता. चालक केबिनमध्ये अडकलेला. स्मिथ कॅमेऱ्यासमोर बोलत असतानाच तिला हॅरिस काउंटीच्या शेरीफ खात्याची, मागे नाव जोडलेली गाडी येताना दिसली. ती धावत गेली, गाडी थांबवली, बुडालेला ट्रक दाखवला. जवानांनी नाव पाण्यात सोडली आणि चालकाला बाहेर काढलं. सगळं थेट प्रक्षेपणात.

इकडे स्टुडिओत काय चाललं आहे, याचा तिला पत्ता नव्हता. पाठीमागे उभं राहायला नियंत्रण कक्षच उरला नव्हता. मोबाइलच्या जाळ्यातून चित्र पाठवणारं पाठीवरचं यंत्र आणि दोन माणसं, एवढंच त्या क्षणी चॅनल ११ म्हणून उरलं होतं.

वार्ताहरानं घटनेत हात घालावा का, हा पत्रकारितेच्या वर्गात चघळला जाणारा प्रश्न आहे. पुलावर त्याचं उत्तर द्यायला काही सेकंद होते आणि ते बरोबर दिलं गेलं. पण मला त्याहून दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. कोट्यवधी डॉलरची यंत्रणा जिथे एकवटली होती ती जागा गेली. आणि जे जागेला बांधलेलं नव्हतं, ते टिकलं.

रविवार, दुपारी १

आदल्या रात्री १०पासूनच्या पंधरा तासांत ९११वर ५६ हजारांहून अधिक फोन आले होते. एरवी दिवसाला ८ हजारांच्या आसपास येतात. म्हणजे फोन लागत नव्हते, लागले तरी नाव मोकळी नव्हती. लोक फेसबुकवर पत्ते टाकू लागले: छपरावर आहोत, सोबत म्हातारी आई आहे. वाहिन्या ते पत्ते वाचून दाखवू लागल्या. मासेमारीच्या नावा ट्रकवर लादून आसपासच्या गावांतून माणसं आपणहून येत होती. हॉबी विमानतळाची धावपट्टी बुडाली होती, मोठा आंतरराष्ट्रीय विमानतळही बंद झाला होता. शहराच्या मध्यातलं जॉर्ज ब्राउन अधिवेशन केंद्र निवाऱ्यासाठी उघडलं गेलं. पाच हजारांसाठी केलेल्या त्या सोयीत पुढे दहा हजारांच्या घरात माणसं आली.

अशा वेळी एक स्थानिक वाहिनी बंद पडणं ही काही त्या वाहिनीपुरती गोष्ट राहत नाही. राष्ट्रीय वाहिनी शहर बुडाल्याचं जगाला सांगते. तुमच्या घरापासून निवाऱ्यापर्यंतचा कुठला रस्ता अजून वाहता आहे, हे फक्त स्थानिक वाहिनी सांगते.

रविवार, दुपारनंतर

चॅनल ११ तीन ठिकाणी विभागून उभं राहिलं. मालक कंपनी 'टेग्ना'चं डॅलसमध्ये 'डब्ल्यूएफएए' नावाचं भावंड केंद्र होतं, सुमारे ३८५ किलोमीटर लांब आणि कोरडं. प्रक्षेपणाचा भार तिकडून उचलला गेला. ह्यूस्टनमधले वार्ताहर जिथे होते तिथून पाठीवरच्या यंत्रांतून आणि मोबाइलमधून चित्रं पाठवत राहिले. आणि केंद्राच्या मंडळींना स्टुडिओ मिळाला तो ह्यूस्टन विद्यापीठाच्या आवारात, 'ह्यूस्टन पब्लिक मीडिया'कडे. तिथलं 'केयूएचटी' हे अमेरिकेतलं पहिलं सार्वजनिक शैक्षणिक दूरचित्रवाणी केंद्र, मे १९५३मध्ये सुरू झालेलं. चॅनल ११हून दोन महिन्यांनी धाकटं. जाहिरातींवर चालणाऱ्या वाहिनीला देणग्यांवर चालणाऱ्या केंद्रानं जागा दिली.

याच विद्यापीठाचं नाव त्या दिवसांत भारतातल्या बातम्यांतही आलं. ह्यूस्टन विद्यापीठाचे सुमारे दोनशे भारतीय विद्यार्थी गळ्याइतक्या पाण्यानं वेढलेले आहेत, असं तेव्हाच्या परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांनी सोमवारी ट्विटरवर कळवलं. तिथल्या वाणिज्य दूतावासाच्या आणि भारतीय कुटुंबांच्या मदतीनं त्यांच्यापर्यंत अन्न पोचलं.

सोमवार, २८ ऑगस्ट, मध्यरात्रीनंतर

पाऊस थांबला नव्हता, आणि आता वरच्या अंगाची दोन्ही धरणं भरत आली होती. ॲडिक्स आणि बार्कर मातीची आहेत. ती फुटली असती तर शहराचा मध्यभागच वाहून गेला असता. अभियंत्यांनी पाणी सोडायला सुरुवात केली. ते सगळं बफेलो बायूतच येणार होतं. रविवारी वाचलेल्या काठावरच्या कित्येक वस्त्या सोमवारी बुडाल्या, त्या आभाळातून पडलेल्या पाण्यानं नव्हे, सोडलेल्या पाण्यानं. मंगळवारी ॲडिक्सचं पाणी इतिहासात पहिल्यांदाच बाजूच्या सांडव्यावरून वाहू लागलं. चॅनल ११ची इमारत या फुगलेल्या बायूच्या काठी रिकामी उभी होती. तिथे लगेच परतण्याची उरलीसुरली आशाही या पाण्यानं संपवली.

मंगळवार, २९ ऑगस्ट

संध्याकाळी ह्यूस्टनवरचा पाऊस ओसरला. त्याच तारखेला मुंबई पाण्यात होती; सांताक्रूझला तीनशे मिमीहून अधिक पाऊस झाला, लोकल बंद पडल्या, माणसं कचेऱ्यांत अडकली. ह्यूस्टनमधल्या मराठी घरांतून मुंबईला आणि मुंबईहून ह्यूस्टनला एकाच वेळी तोच प्रश्न विचारला जात होता: पाणी कुठवर आलंय?

हार्वे बुधवारी पहाटे लुइझियानात शेवटचं जमिनीवर आलं आणि विरत गेलं. टेक्सासातल्या नेडरलँड इथे एकूण ६०.५८ इंच, म्हणजे १,५३९ मिमी पाऊस नोंदवला गेला. वादळाच्या थेट तडाख्यानं टेक्सासमध्ये ६८ माणसं गेली, त्यातली बहुतेक पाण्यानं. नुकसान १२५ अब्ज डॉलर.

नोव्हेंबर २०१७ ते फेब्रुवारी २०१९

नोव्हेंबर २०१७मध्ये केंद्रानं जाहीर केलं की ॲलन पार्कवेवर परत जायचं नाही. त्याच जागी राहण्याचा २००१चा निर्णय या वेळी झाला नाही. जमीन शेजारच्या एका कंपनीनं घेतली आणि २०१८मध्ये इमारत पाडली गेली. मार्च २०१८मध्ये नवा पत्ता ठरला: बायूपासून दूर, पश्चिमेच्या गॅलेरिया भागात, वेस्टहायमर रस्त्यावरची एक कार्यालयीन इमारत. फेब्रुवारी २०१९मध्ये तिथून प्रक्षेपण सुरू झालं. तोवर दीड वर्ष बातम्या विद्यापीठातल्या उसन्या जागेतून जात राहिल्या.

मधल्या काळात आणखी एक गोष्ट घडली. सप्टेंबर २०१८मध्ये अमेरिकेच्या हवामान व महासागर संस्थेनं टेक्सासचे पावसाचे तक्ते सुधारले. ह्यूस्टनमध्ये 'शंभर वर्षांतून एकदा' म्हणून धरला जाणारा चोवीस तासांचा पाऊस १३ इंचांवरून १८ इंचांवर गेला. पूर्वी ज्याला शंभर वर्षांचा पाऊस म्हणत, तो आता पंचवीस वर्षांचा ठरला. म्हणजे १९६०मध्ये ॲलन पार्कवेवर पाया घालणाऱ्यांनी काही वेडेपणा केला नव्हता. त्यांच्या हातातली मोजपट्टी त्या काळची होती. चूक असेल तर ती २००१नंतरची, पाणी एकदा आत येऊन गेल्यावरची. आणि ती चूक एकट्या चॅनल ११ची म्हणता येत नाही, कारण ॲलिसननंतर अख्खं शहर फरशी पुसून त्याच जागी बसलं होतं.

हॅरिस काउंटीत हार्वेनं दीड लाखांहून अधिक घरांत पाणी नेलं. त्यातली जवळपास निम्मी घरं सरकारी नकाशावर पाचशे वर्षांच्या पूररेषेच्याही बाहेर होती, आणि बहुतेकांकडे पुराचा विमा नव्हता. चॅनल ११कडे डॅलसमध्ये भावंड होतं, शेजारी बँक होती, विद्यापीठात दार उघडणारं कुणी होतं, आणि नवी जागा घ्यायला मालकाचा पैसा होता. एवढं पाठबळ असूनही स्थिरस्थावर व्हायला दीड वर्ष लागलं. ज्यांच्यासाठी ते रात्रभर बातम्या देत होतं, त्यांच्यातल्या बहुतेकांजवळ यातलं काहीच नव्हतं. ती माणसं भिजलेल्या भिंतींचे तक्ते उचकटून, सुकवून, पुन्हा त्याच पत्त्यावर राहायला गेली. पुढचा इशारा त्यांना त्याच घरात ऐकायचा आहे. फक्त तो देणारं केंद्र आता बायूपासून लांबून बोलेल.